जिव्हाळ्याची फुटपट्टी कोणाच्या हाती?

लहान मूल आणि त्याची शिक्षिका यांच्यातील जिव्हाळा मोजण्याचे शास्त्र पूर्वप्राथमिक शिक्षणाच्या संशोधनात आता चांगलेच रुजले आहे. अमेरिकेतील रॉबर्ट पियांता यांची मापनश्रेणी त्यात सर्रास वापरली जाते. विधाने 28. निकटता, संघर्ष आणि परावलंबन हे तिचे तीन भाग. शिक्षिकेने एकेका मुलाविषयी ती भरून द्यायची. त्यातले एक विधान मी वर्गात मुद्दाम फळ्यावर लिहितो. त्याचा आशय असा, की मी मायेने स्पर्श केला तर या मुलाला अवघडल्यासारखे होते. म्हणजे अवघडायचे ते मुलाने! या मुलाचा स्पर्श शिक्षिकेला चालतो काय, हा प्रश्न 28 विधानांत कुठेही नाही.

आमच्या समाजाचा सारा इतिहास या न विचारलेल्या प्रश्नात आहे. शाळेत आपल्याला बसायला वेगळे गोणपाट होते, हे बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. त्या वर्गाच्या मास्तरांपुढे ही श्रेणी ठेवली असती, तर त्यांनी काय भरले असते? हे मूल जवळ येत नाही, मन मोकळे करीत नाही. दुरावा मास्तरांनी राखायचा आणि उणेपणा लेकराच्या नावावर जमा व्हायचा.

हा दोष एका श्रेणीचा नाही. मेरी एन्सवर्थ यांनी 1954–55 मध्ये युगांडाच्या खेड्यांत मुले पाहिली. शेतावर जाणाऱ्या आया, लेकरू सांभाळणारी इतर माणसे त्यांनी तेथे पाहिली. पण पुढे शास्त्राचा मानदंड ठरली ती बाल्टिमोरच्या पांढरपेशा गोऱ्या कुटुंबांतली 26 मुले आणि प्रयोगशाळेतली वीस मिनिटे. 1988 मध्ये व्हॅन आयझेंडूर्न आणि क्रूनेनबर्ग यांनी 8 देशांतले 32 नमुने एकत्र केले. त्यांत 18 अमेरिकेचे. भारत नाही, आफ्रिकेतला एकही देश नाही.

म्हणून हा विचार फेकून द्यावा, असे मी म्हणत नाही. पाठीशी आपले माणूस आहे अशी खात्री असलेले मूलच पुढे सरकते, नवे हाताळते, हे बौल्बींचे म्हणणे मला पटते. वस्तीतून पहिल्यांदा शाळेत येणाऱ्या पोराला तर या खात्रीची गरज सर्वांहून जास्त. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीला जे काम उभे केले, त्यात मूल येत नाही म्हणून त्याला दोष न देता बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली गेली. अंतर कोणी कापायचे, याचे उत्तर त्यात आहे.

वर्गात बसून निरीक्षण करण्याच्या पद्धतीही पुढे आल्या. पियांतांचीच एक आहे. पण तिथे साऱ्या वर्गाला मिळून गुण देतात. वीस मुलांशी प्रेमळ असलेल्या बाईंना चांगले गुण मिळतात. दाराशी बसलेले एकविसावे मूल सरासरीत बुडते.

माझ्या विद्यार्थिनींना मी आता वहीत प्रत्येक मुलासाठी वेगळी ओळ आखायला सांगतो. रडताना कोणाला कडेवर घेतले, कोणाचे नाक पुसले, कोणाला पाणी वरून ओतून दिले, कोणाला नावाने हाक मारली. आणि मुलांची नावे आडनावांसह लिहायला सांगतो.