परक्या गांवांतले डोहाळे

गरोदर स्त्रीनें मन प्रसन्न ठेवावें, हा उपदेश आपल्याकडे जुनाच आहे. हल्लीं त्याला एक नवें शेपूट जोडलेलें दिसतें. दूरदेशीं संसार मांडलेल्या आणि दिवस गेलेल्या स्त्रीस असें सांगण्यांत येतें कीं, रोज निजण्यापूर्वीं त्या दिवशींच्या चार चांगल्या गोष्टी वहींत लिहून काढाव्या. म्हणजे चित्तांत कृतज्ञता उत्पन्न होऊन एकटेपण हलकें होतें. सल्ला वाईट नाहीं. परंतु कृतज्ञता ही अशी नेमानें दोहून काढतां येते काय? झुंपा लाहिरी यांच्या 'द नेमसेक' ह्या २००३ सालच्या इंग्रजी कादंबरीचीं पहिलीं दोन प्रकरणें वाचतांना हा प्रश्न आमच्या मनांत वारंवार आला. आणि त्या प्रश्नाला तेथें जें उत्तर मिळतें, तेंच आमच्या मतें त्या पुस्तकाचें सर्वांत मोठें धन होय.

कादंबरी पुष्कळांच्या वाचनांत आलेली आहे. तेव्हां सगळें कथानक सांगत बसण्याचें कारण नाहीं. साल १९६८, महिना ऑगस्ट, गांव अमेरिकेंतील केंब्रिज. अशिमा गांगुली ही कलकत्त्याची मुलगी, बाळंतपणास दोन आठवडे उरले असतां, स्वयंपाकघरांत उभी आहे. नवरा अशोक विद्युत्शास्त्राचा संशोधक विद्यार्थी. तिकडे न्याहारीला दुधांत घालून खातात तो फुलविलेला तांदूळ, शेंगदाणे आणि चिरलेला तांबडा कांदा ती एका भांड्यांत कालवीत आहे; मीठ, लिंबू, हिरवी मिरची घालते; मोहरीचें तेल मात्र घरांत नाहीं. कलकत्त्याच्या रस्त्यावर आणि स्टेशनांवर चार पैशांना मिळणाऱ्या भेळेची ही ओढूनताणून केलेली नक्कल. पण गरोदरपणाचे सगळे महिने तिनें ह्याच खाण्यावर काढलेले आहेत.

दोहद हा विषय आमच्या साहित्याला अपरिचित नाहीं. रघुवंशाच्या तिसऱ्या सर्गांत सुदक्षिणेला माती खाण्याची वासना होते, आणि राणी लाजून कांहीं सांगत नाहीं म्हणून दिलीप राजा तिच्या सख्यांना पुनः पुनः विचारीत राहतो. उत्तररामचरितांत सीतेला वनांत हिंडावें, भागीरथींत स्नान करावें असें वाटतें, आणि ती इच्छाच पुढें तिच्या त्यागाचें निमित्त होते. दोन्ही ठिकाणीं डोहाळे एकीचे, ते पुरविणारा दुसरा. आमचें डोहाळजेवण काय, किंवा बंगाल्यांचा 'साध' काय, ह्याच समजुतीवर उभें आहे. अशिमेच्या घरीं विचारणाऱ्या सख्या नाहींत, सासू नाहीं, आई नाहीं. आमच्याकडील आया आतां डिंकाचे लाडू आणि आळीव बांधून घेऊन विमानानें लेकीच्या बाळंतपणास जातात. तिच्या वांट्याला तेवढेंही आलें नाहीं. डोहाळे तिचेच आणि पुरविणारीही तीच. मग उपकार मानावयाचे ते कोणाचे?

प्रसूतिगृहांतील पानें ह्या दृष्टीनें पाहण्यासारखीं आहेत. तेथें तिला उणें असें कांहीं नाहीं. स्वच्छता आहे, वैद्य आहेत, परिचारिका मायेनें बोलते. तरी पडद्यापलीकडचा नवरा आपल्या बायकोला उघड शब्दांत प्रेम सांगतो, तें ऐकून आपल्याला असें कोणी सांगणार नाहीं हें तिच्या ध्यानांत येतें. परिचारिकेशीं बोलतांना बोटांचें अनेकवचन चुकतें, आणि कॉलेजांत इंग्रजी शिकलेल्या त्या मुलीला ती चूक फार लागते. सोबतीला 'देश' ह्या बंगाली नियतकालिकाचा एक जुना, फाटत आलेला अंक. त्यांत तिच्या वडिलांनीं काढलेलें चित्र आहे. मूल जन्मल्यावर पाहावयास येतात तीं इनमीन तीन माणसें, आणि इतक्या एकाकीपणें जगांत आलेल्या त्या जिवाची आईला कींव येते. दुसरी एखादी बाळबोध लेखिका असती तर तिनें ह्या ठिकाणीं अशिमेचे हात जोडले असते. लाहिरी तसें करीत नाहींत. गरोदरपणांत सुख मिळालें म्हणजे त्याची पावती लगेच मिळते असें नाहीं, हें त्यांना ठाऊक आहे.

पावती पुढच्या प्रकरणांत मिळते, आणि ती तांदळाच्या निमित्तानें. घरांतला तांदूळ संपतो. अशिमा वरच्या मजल्यावरील शेजारणीकडे वाटीभर मागते. शेजारीण चांगली, ती देते, पण तो न सडलेला, तांबूस तांदूळ असतो. अशिमा भिडेखातर तो घेते आणि खालीं येऊन टाकून देते. हा प्रसंग लहान आहे. आम्हांस तो अत्यंत खरा वाटला. तोंडाची कृतज्ञता आणि जिभेची कृतज्ञता ह्यांतलें अंतर लेखिकेनें येथें एका वाटींत मोजून दाखविलें आहे. आपल्या लोकांत घरच्या माणसाचे आभार मानणें हा जवळजवळ अपमान. परदेशांत पहिला शब्द शिकावा लागतो तो आभाराचाच, आणि दिवसांतून वीस वेळां तो उच्चारतांना त्यांतला जीव निघून जातो. नंतर अशिमा काय करते? तोंड धुते, केंस विंचरते, मुलाला गाडींत घालते आणि प्रथमच एकटी बाजारांत जाऊन पांढरा तांदूळ घेऊन येते. वाटेंत अनोळखी माणसें थांबून मुलाची चौकशी करतात. त्या दिवसापासून ते रस्ते तिला थोडेसे आपले वाटूं लागतात. मिळालेल्या तांदळानें जें घडलें नाहीं तें आणलेल्या तांदळानें घडलें.

आणखी एक प्रसंग. कलकत्त्याच्या पहिल्या भेटीसाठीं घेतलेल्या वस्तूंच्या पिशव्या ती भुयारी आगगाडींत विसरते. दुसऱ्या दिवशीं हरवल्या-सांपडल्याच्या कचेरींतून त्या जशाच्या तशा परत येतात. कोणीं उचलून ठेवल्या, कोणास ठाऊक! आभार मानावयास समोर माणूसच नाहीं. आणि त्या शहराशीं तिची पहिली खरी गांठ पडते ती ह्याच क्षणीं. ज्यांच्यासाठीं भेटी घेतल्या त्यांच्यापैकीं वडील तर ती निघण्यापूर्वींच वारतात. पिशव्या परत आल्या, तें माणूस आलें नाहीं. दोन गोष्टी लेखिकेनें जवळजवळ ठेवल्या आहेत. त्यांचा जमाखर्च मांडला नाहीं.

येथवर स्तुति झाली. आतां तक्रार. ह्या कादंबरींत कृतज्ञतेला इतिहास आणि वाणी मिळाली आहे ती अशोकाच्या. १९६१ सालच्या रेल्वे-अपघातांत गोगोलच्या पुस्तकाचें एक पान हातांतून गळलें, तें दिसल्यामुळें तो वांचला. त्या ऋणानें त्यानें मुलाचें नांव गोगोल ठेविलें, आणि पुढचें सगळें कथानक त्या नांवाभोंवतीं फिरतें. पुरुषाची कृतज्ञता नांव होऊन बसली. बाईची वाट्यांत आणि पिशव्यांत राहिली. इतकेंच नव्हे, मुलगा मोठा होतांच लेखिका त्याच्यामागून निघून जातात, आणि अशिमा पुष्कळ पानें केवळ टेलिफोनच्या दुसऱ्या टोंकाला उरते. गोगोलच्या प्रणयप्रकरणांतील निदान एक कमी करून तिची दहा वर्षें दिलीं असतीं, तर वाचकांनीं तक्रार केली नसती.

शेवटीं मात्र लाहिरी तिच्याकडे परत येतात. अशोक वारला आहे, घर विकलें आहे, वर्षांतले सहा महिने इकडे आणि सहा तिकडे असा तिनें बेत केला आहे. त्या रिकाम्या होत चाललेल्या घरांत, ज्या वाचनालयांत ती नोकरी करीत होती त्याची आणि तेथल्या बायकांची आठवण आपल्याला येईल, हें तिला कळतें. पतीच्या अस्थि गंगेंत गेल्या. पण ज्या माणसाचें नांव घेणेंही रीतीला धरून नव्हतें, त्याला ओळखावयास आणि त्याच्यावर प्रेम करावयास ती शिकली ती ह्याच परक्या देशांत. मग ती पाहुण्यांसाठीं तळणाच्या तयारीला लागते.