वाराची उपासना आणि अभ्यासाची दृष्टी : तुळजाभवानीच्या मंगळवारच्या छबिन्याच्या संदर्भात

प्रस्तावना

महाराष्ट्रातील लोकदैवतांचा अभ्यास ही मराठी संशोधनाची एक समृद्ध शाखा होय. या शाखेने दैवतांचे मूळ शोधले, स्थलपुराणांची चिकित्सा केली, यात्रांचे आणि वाऱ्यांचे वर्णन केले. मात्र सामान्य भाविकाच्या धर्मजीवनाचा जो सर्वात नियमित भाग, म्हणजे आठवड्याचा ठरलेला वार आणि त्या वारी होणारी विशेष पूजा, त्याकडे या शाखेचे लक्ष क्वचितच गेले आहे. दैवताचा उगम एकदाच होतो, यात्रा वर्षातून एकदा-दोनदा भरते. वार मात्र वर्षातून बावन्न वेळा येतो. जे वारंवार घडते ते अभ्यासकाला सामान्य वाटते आणि सामान्य म्हणून ते नजरेतून सुटते. तुळजापूर येथे दर मंगळवारी रात्री निघणाऱ्या तुळजाभवानीच्या छबिन्याच्या आधारे या दृष्टीची मर्यादा तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या विचाराला एक स्थानिक पार्श्वभूमी आहे. धाराशिव जिल्ह्याच्या (2023 पूर्वीच्या उस्मानाबाद जिल्ह्याच्या) वाशी तालुक्यातील तेरखेडा हे गाव सोलापूर-धुळे महामार्गावर वसलेले आहे. शोभेची दारू आणि फटाके बनविण्याच्या व्यवसायासाठी ते मराठवाड्यात प्रसिद्ध आहे. याच महामार्गाने दक्षिणेकडे निघाले की प्रथम येरमाळा येथील येडेश्वरी आणि पुढे तुळजापूरची भवानी लागते. या दोन शक्तिस्थानांच्या वाटेवरच्या गावात बसून देवीच्या वाराचा विचार करताना एक प्रश्न पडतो. तेरखेड्यातील मजूर वा शेतकरी कुटुंब दर मंगळवारी तुळजापूरला जात नाही, जाऊ शकतही नाही. असे असता मंगळवारच्या त्या पूजेशी त्याचा संबंध कोणता? ‘संबंध नाही’ असे उत्तर देणे सोपे आहे. परंतु ते खरे नाही.

वार : तिथीहून वेगळे कालमान

आपली बहुतेक व्रते आणि उत्सव तिथीला बांधलेले आहेत. नवरात्र प्रतिपदेला बसते, येडेश्वरीची मोठी यात्रा चैत्र पौर्णिमेला भरते. तिथी चंद्रावर अवलंबून असल्याने ती पंचांगात पाहावी लागते. तिची वृद्धी होते, क्षयही होतो. वाराचे तसे नाही. सात दिवसांचा आठवडा भारतात तुलनेने उशिरा रुळला. वाराचा निर्देश असलेल्या भारतीय शिलालेखांपैकी सर्वात जुना म्हणून मध्य प्रदेशातील एरण येथील बुधगुप्ताच्या काळातील लेखाकडे बोट दाखविले जाते. तो गुप्त संवत 165 चा, म्हणजे इ. स. 484 चा आहे आणि त्यात गुरुवारचा उल्लेख येतो. तिथीच्या मानाने उशिरा आलेल्या या कालमानाने लोकधर्मात मात्र खोलवर मुळे धरली. सोमवार शंकराचा, मंगळवार आणि शुक्रवार देवीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, रविवार खंडोबाचा ही वाटणी महाराष्ट्रात लहान मुलालाही ठाऊक असते. ती सांगायला पंचांग लागत नाही आणि पुरोहितही लागत नाही.

‘वार’ या संस्कृत शब्दाचा एक अर्थ पाळी, खेप असा आहे. म्हणजे वार ही मुळात पाळी आहे : एकामागून एक येणारी, गेली तरी पुन्हा येणारी. तुळजाभवानीच्या मंदिरात भोपे पुजाऱ्यांबरोबर ‘पाळीकर’ पुजारीही आहेत, हे या संदर्भात लक्षात घेण्यासारखे आहे. देवीची सेवा पाळीने चालते आणि काळही पाळीने चालतो. वाराच्या उपासनेचे स्वरूप समजून घ्यायचे तर ‘पाळी’ ही कल्पना मध्यवर्ती मानावी लागते.

छबिना : शब्द आणि विधी

तुळजाभवानीच्या मंदिरातील नित्यक्रम पहाटेच्या चरणतीर्थाने सुरू होतो. सकाळ-संध्याकाळच्या अभिषेक पूजा, धुपारती यांतून जात तो रात्रीच्या प्रक्षाळ पूजेने संपतो. या नित्यक्रमात मंगळवारी छबिन्याची भर पडते. पौर्णिमेच्या सुमारासही छबिना निघतो. परंतु आठवड्याचा म्हणून मंगळवारच त्याचा हक्काचा दिवस. चांदीच्या वाहनावर देवीचे प्रतीकरूप अधिष्ठान करून ते मंदिराच्या आवारात प्रदक्षिणेने फिरविले जाते. संबळाचा कडकडाट असतो, पाजळलेले पोत असतात, ‘आई राजा उदो उदो’चा गजर असतो. मूळ मूर्ती या वेळी सिंहासनावरून हलत नाही. ती चल मूर्ती असल्याने वर्षातून तीनदा पलंगावर निद्रेसाठी नेली जाते आणि दसऱ्याला पालखीतून सीमोल्लंघनास निघते. त्या वार्षिक विधींची वर्णने विपुल आहेत. छबिन्याचा उल्लेख मात्र बहुधा एका वाक्यात उरकला जातो.

या एका वाक्यात जे सुटते ते ‘छबिना’ या शब्दातच दडलेले आहे. फारसीत ‘शब’ म्हणजे रात्र; ‘शबीना’ म्हणजे रात्रीचे. मराठीत छबिना म्हणजे रात्रीची गस्त, रात्रीचा पहारा. आणि त्यावरूनच देवाची रात्रीची मिरवणूक. दख्खनी सल्तनतींच्या काळात फौजेतून आणि कारभारातून मराठीत रुळलेल्या शब्दांच्या मालिकेतला हा एक शब्द देवीच्या पूजाविधीत जाऊन बसला आहे. तो केवळ उसना शब्द म्हणून सोडून देता येत नाही, कारण विधीचा आशय त्याने नेमका पकडला आहे. मंगळवारी रात्री देवी आपल्या आवारातून गस्तीची फेरी घालते.

गस्तीचे एक वैशिष्ट्य असे की तिला प्रेक्षक लागत नाहीत. गाव झोपलेले असते म्हणूनच गस्त घालायची असते. पहारेकऱ्याची फेरी कोणी पाहिली नाही म्हणून ती निष्फळ ठरत नाही. उलट ती न पाहता निर्धास्त झोपता आले, हेच तिचे साफल्य. तेरखेड्यातील जे कुटुंब मंगळवारी तुळजापूरला जाऊ शकत नाही, त्याचा छबिन्याशी असलेला संबंध इथे उलगडतो. घरात त्या दिवशी उपवास असतो, देव्हाऱ्यातल्या टाकापुढे दिवा लागतो, आणि ‘आज मंगळवार, आज आईचा छबिना’ हे ठाऊक असते. विधीचा आधार वाटण्यासाठी तिथे हजर असणे आवश्यक नसते. तो चालू आहे हे ठाऊक असणे पुरेसे असते.

स्थलपुराणातील कथा याच्या शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहे. कर्दम ऋषींची पत्नी अनुभूती संकटात सापडली असता देवी त्वरेने धावून आली, म्हणून ती त्वरिता. त्वरिताची तुरजा आणि तुरजाची तुळजा, अशी ती कथा. कथेतील देवी हाकेसरशी एकदाच धावून येते. छबिन्यातील देवी हाक नसतानाही दर मंगळवारी फेरी घालते. पुराणाने संकटकाळ सांगितला, वाराने नित्यकाळ सांभाळला. अभ्यासकांनी पहिल्याची पुष्कळ चर्चा केली आणि दुसऱ्याची केली नाही.

संशोधनाची दृष्टी : उपलब्धी आणि मर्यादा

डॉ. रा. चिं. ढेरे यांच्या कार्याचा विचार येथे अपरिहार्य आहे. ‘लज्जागौरी’ (1978) आणि साहित्य अकादेमी पुरस्कार लाभलेला ‘श्री विठ्ठल : एक महासमन्वय’ (1984) हे ग्रंथ, तसेच त्यांचा ‘श्री तुळजाभवानी’ हा ग्रंथ, यांनी दैवताभ्यासाला शिस्त दिली. स्थलपुराण, शिल्प, भाषा आणि लोकाचार यांची एकमेकांशी पडताळणी करून दैवताच्या आवरणाखालचे मूळ रूप शोधणे, ही त्यांची पद्धती. तिच्यामुळे पौराणिक कथांच्या तळाशी असलेला पशुपालक, कृषक समाज अभ्यासाच्या कक्षेत आला. हे ऋण मान्य करूनच असे म्हणावे लागते की या पद्धतीत विधीला महत्त्व येते ते प्रामुख्याने पुरावा म्हणून. विधीतून मागे, उगमाकडे जाता येते म्हणून तो मोलाचा. त्यामुळे विधी जितका प्राचीन तितका तो बोलका ठरतो. छबिन्यासारखा विधी, ज्याचे नावच मध्ययुगीन आहे आणि ज्याचा दिवस सात वारांच्या उशिराच्या गणनेतला आहे, उगमाच्या शोधात फारसा उपयोगी पडत नाही. म्हणून तो बाजूला राहतो.

दुसरी दृष्टी यात्रेची. इरावती कर्वे यांच्या ‘वाटचाल’ या लेखाने पंढरीच्या वाटेवरील समाज सहप्रवासी होऊन पाहिला. गुंथर सोन्थायमर यांनी धनगरांच्या दैवतांमागची भटकंती मांडली. अ‍ॅन फेल्डहाउस यांनी तीर्थयात्रांमधून प्रदेशाची जाणीव कशी घडते याचा 2003 च्या ग्रंथात विचार केला. हे तिन्ही अभ्यास चालणाऱ्या माणसाचे आहेत. जो या मंगळवारी निघाला नाही, त्याचा धर्म त्यांच्या चौकटीत सहजी मावत नाही.

तिसरी दृष्टी संतसाहित्याची. एकनाथांनी जोगवा आणि गोंधळ हे देवीच्या उपासनेतील प्रकार घेऊन त्यांना अध्यात्माचे रूपक केले. मराठी वाङ्मयाला ती मोठी देणगी आहे. परंतु साहित्याचे अध्यापन करताना आपण रूपकाचा अर्थ सांगतो आणि ज्या विधीवर ते उभे आहे तो विद्यार्थ्यांना ठाऊक आहे असे गृहीत धरून पुढे जातो, किंवा तो माहीत असण्याची गरजच मानत नाही. वर्गात बसलेल्या काही विद्यार्थ्यांच्या घरी त्याच दिवशी मंगळवार पाळला जात असतो, याची दखल अध्यापनात घेतली जात नाही.

चुकण्याची मुभा

वाराच्या उपासनेचे एक अंग वरील तिन्ही दृष्टींतून निसटते. वर्षाची यात्रा चुकली तर वर्ष जाते. वार चुकला तर आठ दिवसांनी तो पुन्हा दारात उभा राहतो. आजारपण, सुगी, विटाळाच्या रूढ कल्पना, रोजगाराचा खाडा या कारणांनी वार चुकतो आणि पुन्हा धरला जातो. चुकणे हे वाराच्या रचनेत गृहीतच आहे. ज्यांच्या वेळेवर त्यांची स्वतःची सत्ता नाही, अशा कष्टकरी माणसांना, आणि विशेषतः स्त्रियांना, धर्माशी नाते टिकवायला हे कालमान मानवते. आपला वार चुकला तरी मंदिरातील पाळी चुकत नाही. कोणीतरी आपल्या वतीने ती सांभाळत आहे, हा विश्वास या उपासनेचा पाया आहे.

अर्थात या उपासनेचे गौरवीकरण करून भागणार नाही. विवेकवादी चळवळींनी उपस्थित केलेले प्रश्न रास्त आहेत. नवसाच्या पूर्ततेचा खर्च गरिबाला झेपत नाही. पाळीचे हक्क वंशपरंपरेने चालत आले आहेत. विटाळाची कल्पना स्त्रीला तिच्याच देवीपासून दूर ठेवते. पाळीवरील विश्वासाची दुसरी बाजू अशी की पाळी सांभाळणाऱ्यावर उत्तरदायित्व येते. निजामी राजवटीत 1909 साली झालेल्या देऊळ कवायतीने मंदिराचे व्यवस्थापन आणि पुजाऱ्यांचे वर्तन नियमांत बांधले, तेही याच जाणिवेतून, असे म्हणता येईल. अनुपस्थितांच्या वतीने केलेली सेवा ही विश्वस्ताची सेवा असते, मालकाची नव्हे.

आजचा धोका मात्र वेगळ्या बाजूने संभवतो. मंदिराचे मोजमाप दर्शनार्थींच्या संख्येत होऊ लागले की विधीही संख्येच्या दृष्टीने पाहिला जातो. किती वाजता निघाल्यास गर्दीला सोयीचे, कुठून पाहिल्यास चांगले दिसेल, कोणत्या रांगेला किती शुल्क, हे प्रश्न पुढे येतात. ते व्यवस्थापनाचे म्हणून योग्यच आहेत. परंतु छबिना हे प्रेक्षणीय कार्यक्रमाचे नाव नाही, ते पहाऱ्याचे नाव आहे. पहारा बघणाऱ्यांच्या सोयीने घातला जाऊ लागला, तर जे बघायला येऊ शकत नाहीत त्यांचा त्यावरील हक्क हळूहळू संपतो. येथे हानी होईल ती तेरखेड्यासारख्या गावातील अनुपस्थित भाविकाची. आणि ती कोणत्याही आकडेवारीत दिसणार नाही.

समारोप

दैवताच्या उगमाचा शोध, यात्रेचे समाजशास्त्र आणि रूपकांचे रसग्रहण या तिन्ही दिशांनी मराठी अभ्यासाने मोठी मजल मारली आहे. आता चौथ्या दिशेची गरज आहे : नित्य, पुनरावृत्त आणि म्हणून दुर्लक्षित अशा वाराच्या उपासनेची. त्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. धाराशिव, बीड, सोलापूर, लातूर या परिसरातील महाविद्यालयांत शिकणारे विद्यार्थी हेच या अभ्यासाचे पहिले साधन आहेत. घरात कोण कोणता वार धरते, तो केव्हा धरला, का सोडला, पुन्हा कधी धरला, सासरी आल्यावर माहेरचा वार टिकला की बदलला, असे साधे प्रश्न त्यांच्या हाती दिले, तर मोठ्या ग्रंथांतून न मिळालेली सामग्री उपलब्ध होईल. मात्र ते प्रश्न विचारताना विद्यार्थ्याला आपल्या घरातील वार लपविण्याची गोष्ट वाटू नये आणि मिरविण्याचीही वाटू नये, एवढी समतोल दृष्टी प्राध्यापकाने आधी स्वतः बाळगली पाहिजे. लोकजीवनाचा अभ्यास करणाऱ्याने उत्सवाच्या दिवशी हजर राहावेच. परंतु गर्दी नसलेल्या एखाद्या साध्या मंगळवारी रात्रीही संबळाच्या मागे चार पावले चालून पाहावे.