‘स्वामी’ वाचून रडणारे आपण

आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात रणजित देसाई यांच्या ‘स्वामी’ची एक जुनी प्रत आहे. पुठ्ठा दोनदा बदललेला, पाने पिवळी पडलेली. तिच्या शेवटच्या वीस-पंचवीस पानांच्या समासात वाचकांनी पेन्सिलीने शेरे मारून ठेवले आहेत. ‘डोळे भरून आले’, ‘असे प्रेम आता कुठे?’, ‘धन्य ती रमाबाई’. एकाने नुसतीच तीन उद्गारचिन्हे दिली आहेत. ग्रंथपाल या प्रकाराला वैतागतात. मला मात्र ही प्रत समीक्षेच्या चार जाड ग्रंथांपेक्षा मोलाची वाटते. विद्यापीठातील समीक्षक कादंबरीबद्दल काय म्हणतो हे छापून येते. साधा वाचक काय म्हणतो हे असे समासातच राहते.

‘स्वामी’ १९६२ साली प्रसिद्ध झाली. १९६४ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. १९८०च्या दशकात तिच्यावरची मालिका दूरदर्शनने घराघरांत नेली. तेव्हापासून थोरले माधवराव म्हटले की पानिपतानंतर सोळाव्या वर्षी पेशवेपदाची वस्त्रे घेतलेला, राज्य सावरणारा, राघोबादादाच्या कारस्थानांनी पोखरला गेलेला आणि क्षयाने सत्ताविसाव्या वर्षी थेऊरला प्राण सोडणारा कोवळा नायकच मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे येतो. आणि त्याच्या शेजारी रमाबाई. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी माधवराव गेले, रमाबाई सती गेल्या. कादंबरी तेथे संपते आणि वाचक तेथे रडतो.

या रडण्याबद्दलच मला लिहावयाचे आहे.

आपल्या चळवळीत असे रडणे हा कमकुवतपणा मानण्याची रीत आहे. पेशवाईच्या कादंबरीवर आपला माणूस रडला म्हणजे तो प्रस्थापित संस्कृतीला शरण गेला, असा निकाल देऊन आपण मोकळे होतो. मीही असे निकाल दिले आहेत. परंतु आमच्या अभ्यासमंडळात एक विद्यार्थिनी उठून म्हणाली, “सर, मी रात्रभर वाचली आणि शेवटी रडले. आणि मग मला माझाच राग आला.” तिला उपदेश करण्याची माझी छाती झाली नाही. कारण वयाच्या सोळाव्या वर्षी, वसतिगृहातल्या चाळीसच्या दिव्याखाली, मीही रडलो होतो. बाबासाहेबांच्या तसबिरीखाली बसून पेशव्यासाठी रडलो होतो. तेव्हा मला राग मात्र आला नव्हता.

तेव्हा प्रश्न असा की, हे अश्रू कादंबरीने कशातून काढले?

पहिली गोष्ट नावाची. ‘स्वामी’ म्हणजे राज्याचा धनी आणि स्वामी म्हणजे नवरा. एकाच शब्दात सत्ता आणि प्रेम बांधले की सत्तेबद्दल प्रश्न विचारणे हे प्रेमाचा अपमान केल्यासारखे वाटू लागते. चांगला धनी मरतो म्हणून वाचक हळहळतो. या हळहळीत तो धनी कुणाचा होता, हा प्रश्न विरून जातो. माधवरावांनी वेठीला आळा घातल्याची नोंद ग्रँट डफच्या इतिहासात आहे, आणि ती नाकारण्याचे कारण नाही. पण ही नोंद अभिमानाने सांगणाऱ्या वाचकांना मी विचारतो, मग महारकी कधी गेली? बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात वतनाचे बिल आणले. कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडले. चांगल्या राजाची ताकीद आणि गावाची रूढी यांच्यात एवढे अंतर असते.

पण खरी गोम शेवटाची आहे. ९ मे १९१६ रोजी, वयाच्या पंचविशीत, बाबासाहेबांनी कोलंबिया विद्यापीठात भारतातील जातींवरचा निबंध वाचला. त्यात त्यांनी सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तीन रूढींचे मूळ एकाच ठिकाणी शोधले. जातीबाहेर लग्न होऊ द्यावयाचे नसेल तर जातीतील स्त्री-पुरुषांची संख्या जुळली पाहिजे. नवरा मेला की बायको ‘जास्तीची’ होते. तिला जाळा, किंवा जिवंत ठेवून तिचे केस आणि सुख काढून घ्या. बायको मेली तर पुरुषाला जाळता येत नाही, म्हणून त्याला खालच्या वयाची मुलगी द्या. जातीचे कुंपण अशा रीतीने शाबूत राहते. आणि बाबासाहेब पुढे जे सांगतात ते साहित्याच्या विद्यार्थ्याने घोकून ठेवावे असे आहे. या रूढींची थोरवी गाणारे तत्त्वज्ञान नंतर आले. रूढी आधी, तिला पवित्र करणारी भाषा मागाहून.

आता ही दृष्टी घेऊन ‘स्वामी’कडे पाहा. या प्रेमकथेच्या एका टोकाला बालविवाह आहे आणि दुसऱ्या टोकाला सती. मधल्या पानांत शनिवारवाड्यातले लाजणे आहे, रुसवे आहेत, आजारपणातली सेवा आहे. देसाईंची भाषा रेशमी आहे. ती रेशमी आहे हे मी दोष म्हणून सांगत नाही. लेखकाला ते कसब होते. पण हे रेशीम ज्या यंत्रावर पांघरले आहे ते यंत्र तेच, १९१६ साली उघडे करून दाखवलेले. १९६२ साली, म्हणजे निबंधानंतर सेहेचाळीस वर्षांनी, आणि १८२९च्या सतीबंदीनंतर एकशे तेहेतीस वर्षांनी, मराठी वाचकाला चितेपुढे उभे करून त्याच्याकडून ‘धन्य’ म्हणवून घेतले जाते. पवित्र करणारी भाषा मागाहून येते ती ही अशी.

यावर एक ठराविक उत्तर येते. आमचे एक सहकारी प्राध्यापक ते नेहमी देतात : “अहो, रमाबाई स्वखुशीने गेल्या. इतिहासच तसा आहे, लेखक काय करणार?” बरे, इतिहासच पाहू. माधवरावांच्या आई गोपिकाबाई १७६१ साली विधवा झाल्या. त्या सती गेल्या नाहीत. कारभारात लक्ष घालत, मुलाशी भांडत, पुढे नाशिकजवळ गंगापूरला जाऊन अनेक वर्षे जगल्या. सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंनी तर नवऱ्याचा मृत्यू मान्यच केला नाही आणि त्याही जगल्या. म्हणजे त्याच घराण्यात जगण्याचा रस्ता होता. पण वाचकांच्या शेऱ्यांत गोपिकाबाई कोठे आहेत? माझ्या पाहण्यातल्या प्रतीत त्यांच्या वाट्याला एकच शेरा आला आहे : ‘खाष्ट’. जगणारी बाई खाष्ट आणि जळणारी बाई देवी. ही वाटणी कादंबरी वाचून वाचकाने केली.

स्वखुशीबद्दलही बोलावे. १७४९च्या डिसेंबरात साताऱ्याला शाहू महाराज वारले आणि सकवारबाई सती गेल्या. माधवरावांचे वडील बाळाजी बाजीराव यांनी त्यांच्या माहेरच्या शिर्क्यांना घराण्याच्या अब्रूची भीती व जहागिरीची लालूच दाखवून हे कसे घडवून आणले, हे ग्रँट डफनेच लिहून ठेवले आहे. राजकारणात अडसर ठरणारी बाई अशी दूर झाली. या घटनेपासून थेऊरच्या चितेपर्यंत अवघी तेवीस वर्षे. रमाबाईंवरही असाच दाब आला असा माझा दावा नाही. निपुत्रिक, तरुण, विधवा बाईपुढे शनिवारवाड्यात काय वाढून ठेवले असते, एवढा विचार करूनच तिच्या ‘खुशी’चे मोल करावे, इतकेच म्हणणे आहे.

आणि चितेची लाकडे? गावगाड्यात मयताची सांगी नेणे आणि सरपण वाहणे हे महाराच्या कामांत होते. ज्वाळांकडे पाहून गहिवरलेल्या वाचकाला लाकूड वाहणारा कधी दिसत नाही.

सप्टेंबर १९८७ मध्ये राजस्थानात देवराला येथे रूपकुंवर या अठरा वर्षांच्या मुलीला जाळले गेले. हजारोंनी तेथे यात्रा भरवली आणि त्याच वर्षी सतीविरोधी नवा कायदा करावा लागला. तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये सगळ्यांनी निषेध केला. ‘रानटी’ हा शब्द वापरला गेला. निषेध करणाऱ्यांतल्या दोघांनी त्याच वर्षी रमाबाईंवर हळवे होऊन व्याख्यान दिले होते. ते ढोंगी होते असे मी म्हणणार नाही. त्यांना या दोन गोष्टींचा संबंध दिसलाच नाही, आणि तो दिसू न देणे हेच तर या कादंबरीच्या लोकप्रियतेचे बळ आहे.

त्या विद्यार्थिनीकडे परत येतो. मी तिला रडू नकोस म्हटले नाही. सत्तावीस वर्षांचा तरुण क्षयाने मेला तर रडू यावे. आपल्या वस्त्यांत त्या रोगाने किती तरुण नेले हे आपण जाणतो. नवऱ्याच्या उशाशी रात्री काढणाऱ्या बाईचे दुःखही खरे. ते दुःख कादंबरीने चितेपर्यंत वळवत नेले, वळण तेवढे ओळखायला शीक, असे काहीतरी मी बोललो. फार जमले नाही. तिने मग घरी जाऊन ती गोष्ट आपल्या आजीला सांगितली. आजी अक्षरशत्रू. विसाव्या वर्षी विधवा झालेली, पुढे पाट लागलेली, चार लेकरे वाढवलेली. पुढच्या बैठकीत मुलीने आजीचे मत आम्हांला वाचून दाखवले. वहीत तिने ते जसेच्या तसे उतरवून आणले होते.

“पोरगी केवढी व्हती गं? आन तिला न्हाई म्हनायची सोय व्हती का?”

मंडळात बराच वेळ कोणी बोलले नाही. मग एकाने ग्रंथालयातली ती प्रत मागितली आणि शेवटच्या पानावर, ‘धन्य ती रमाबाई’च्या खाली, आजीचे दोन्ही प्रश्न पेन्सिलीने लिहून ठेवले. ग्रंथपालांना अजून दिसलेले नाहीत.