थंड इंजिनाची पहिली दोन मिनिटं

इंजिनाची पारख बहुतेक जण वेगावरून करतात. माझ्या मते ती स्लोवर करावी, आणि तीही गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतरच्या पहिल्या दोन मिनिटांत. चांगलं इंजिन पहिल्या सेल्फला चालू होतं, आरपीएमचा काटा तेराशे-चौदाशेवर जातो आणि पाणी तापेल तसा सावकाश उतरत साडेआठशेला येऊन ठरतो. ही उतरण इतकी अलगद असते की चालकाचं तिच्याकडे लक्षही जात नाही. तिच्यात किती कारागिरी भरली आहे ते कळतं, गाडीचा मूळ कॉम्प्युटर काढून दुसरा बसवल्यावर.

उदाहरण घेऊ पहिल्या पिढीच्या माझदा एमएक्स-५ चं. तोशिहिको हिराई यांच्या चमूने घडवलेली ही दोन सीटांची उघडी गाडी फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात लोकांसमोर आली. इंजिन १,५९७ सीसीचं, चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह. टर्बो बसवायचा म्हणून अनेक हौशी मालक तिचा कॉम्प्युटर काढतात आणि मेगास्क्वर्ट लावतात. ब्रूस बोलिंग आणि अल ग्रिपो यांनी २००१ मध्ये पुढे आणलेला हा कॉम्प्युटर स्वतःच्या हाताने सोल्डर करून बांधता येतो आणि त्यातला प्रत्येक आकडा आपल्याला बदलता येतो. गाडी तापल्यावर झकास पळते. सकाळी मात्र चालू होऊन तीन सेकंदांत बंद पडते, नाहीतर स्लो वर-खाली डोलत राहतो.

असं का होतं हे समजायला आधी मूळ रचना नीट वाचावी लागते. हवेच्या वाटेत एक पाकळी आहे. आत येणारी हवा तिला ढकलते आणि ती किती ढकलली गेली यावरून हवेचं मोजमाप होतं. हवेचं तापमान सांगणारा सेन्सर त्याच पेटीत आहे. पेट्रोल पंपाचा स्विचही तिथेच आहे, त्यामुळे इंजिन थांबून पाकळी मिटली की पंप बंद. एका पेटीत तीन कामं! नवा कॉम्प्युटर मॅनिफोल्डमधल्या दाबावरून हवेचा हिशोब करतो, म्हणून ही पेटी बहुधा निघते. तिच्याबरोबर बाकीची दोन कामंही जातात आणि ती वेगळी उभी करावी लागतात.

थंड इंजिनात तेल जड असतं, त्यामुळे स्लो टिकवायला जादा हवा लागते. ती दोन वाटांनी येते. एका वाटेवर विजेचा व्हॉल्व्ह, तो कॉम्प्युटरच्या हुकमाने चालतो. दुसऱ्या वाटेवरचा व्हॉल्व्ह मेणाचा. पाणी गार असताना तो उघडा असतो. पाणी तापलं की मेण फुगतं आणि वाट मिटत जाते. या व्हॉल्व्हला एकही तार नाही. मोठा भार मेणाने उचलायचा आणि बारीक दुरुस्ती विजेच्या व्हॉल्व्हने करायची, ही या रचनेतली मला सर्वांत भावलेली गोष्ट.

आता पेट्रोल. थंड इंजिनात त्याची वाफ नीट होत नाही. फवाऱ्यातला बराच भाग इनटेकच्या भिंतींवर ओल धरून बसतो, म्हणून जास्त पेट्रोल द्यावं लागतं. कुर्ल्याच्या कारखान्यातली प्रीमियर पद्मिनी ज्यांनी चालवली, त्यांच्या हाताला चोक किती ओढायचा आणि कधी आत ढकलायचा हे ठाऊक होतं. हातातलं ते ज्ञान इथे आकड्यांत लिहावं लागतं, आणि ते तीन टप्प्यांत येतं. सेल्फ फिरत असताना द्यायचं पेट्रोल पहिलं. इंजिन चालू झाल्यावर काही सेकंद द्यायची आणि लगेच उतरवायची जादा मात्रा दुसरी. पाणी तापेपर्यंत हळूहळू कमी करत न्यायची टक्केवारी तिसरी.

कान तयार असेल तर टप्पा आवाजावरून ओळखता येतो. सेल्फ खूप वेळ मारूनही गाडी चालू होत नसेल तर खोट पहिल्यात. चालू होऊन दोन-तीन सेकंदांत मान टाकत असेल तर दुसऱ्यात: भिंती अजून पुरत्या ओल्या झालेल्या नसतात आणि मात्रा आधीच उतरलेली असते. अर्धवट तापल्यावर एक्झॉस्टमधून काळा धूर आणि पेट्रोलचा वास येऊ लागला, तर तिसऱ्यातली टक्केवारी वेळेवर कमी झालेली नाही.

पण आकड्यांना हात लावण्याआधी एक गोष्ट तपासायलाच हवी, आणि या साऱ्या प्रकरणातला सर्वांत देखणा दोष तिथेच दडलेला असतो. पाण्याचं तापमान सांगणाऱ्या माझदाच्या सेन्सरचा रोध २० अंशांना साधारण २,४५० ओहम असतो, ८० अंशांना सुमारे ३२०. मेगास्क्वर्टमध्ये आधीपासून भरलेली सारणी जनरल मोटर्सच्या सेन्सरची. त्या सारणीत २,४५० ओहम म्हणजे सुमारे २८ अंश. पण ३२० ओहमला दोन्ही सेन्सर जवळजवळ एकच तापमान सांगतात. म्हणजे तापलेल्या गाडीत चूक शोधून सापडणार नाही, आणि थंड गाडीत कॉम्प्युटर इंजिन आहे त्याहून आठ अंश गरम समजून पेट्रोल कमी देणार. हवेच्या सेन्सरचंही असंच. पेट्रोलचा हिशोब हा गुणाकार आहे. हवेच्या तापमानात दहा अंशांची चूक झाली तर घनता तीनेक टक्क्यांनी चुकते, आणि ती चूक पाण्याच्या सेन्सरच्या चुकीवर चढते. मिक्स्चर सावरणारा ऑक्सिजन सेन्सर तापलेला नसतो, त्यामुळे तोही मदतीला येत नाही.

मेणाच्या व्हॉल्व्हची गोष्ट याहून अवघड, कारण नव्या कॉम्प्युटरला तो दिसतच नाही. थंडीत विजेचा व्हॉल्व्ह मोठा उघडा ठेवणारी सारणी भरली की दोन्ही वाटांनी हवा येते आणि काटा दोन हजारांवर जातो. मालक घाबरून विजेचा व्हॉल्व्ह पार मिटवतो. मग मेण आपल्या गतीने फुगतं आणि पाणी अर्धवट तापलं असताना स्लो बसतो. नोंदीचा आलेख काढला की हे स्वच्छ दिसतं: विजेच्या व्हॉल्व्हची रेघ सपाट, पाण्याचं तापमान चढतं, आरपीएम उतरतो. पुष्कळ जण या टप्प्यावर मेणाची वाट कायमची बुजवतात. मेण शाबूत असेल तर ते मला पटत नाही. थंड हवेचं काम मेणाकडेच राहू द्यावं आणि विजेच्या व्हॉल्व्हने फक्त उरलेली कसर भरावी. स्लो आपोआप सावरण्याची सोय तर सगळ्यात शेवटी चालू करावी. ती आधी चालू केली तर व्हॉल्व्ह सतत धावपळ करतो आणि मूळ चूक झाकली जाते.

स्पार्कही विसरू नये. मूळ गाडीत डायग्नोस्टिक पेटीतले 'टेन' आणि 'ग्राउंड' जोडले की वेळ १० अंशांवर स्थिर राहते आणि मिस्त्री स्क्रूने स्लो ८५० ला बसवतो. नव्या कॉम्प्युटरला ही खूण कळत नाही. वेळ सॉफ्टवेअरमधून स्थिर करून टायमिंग लाइटने पडताळावी लागते. आरपीएम पडताच स्पार्क दोन-चार अंश पुढे घेतला तर इंजिन हवेपेक्षा कितीतरी लवकर सावरतं.

हे काम घाईने होत नाही, कारण पूर्ण थंड इंजिन रोज एकदाच मिळतं. म्हणून एका सकाळी एकच आकडा बदला आणि नोंद जपून ठेवा. त्याही आधी, रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत सेल्फ न मारता फक्त किल्ली फिरवा आणि पाण्याचं व हवेचं तापमान वाचा. दोन्ही आकडे बाहेरच्या थर्मामीटरशी जुळत नसतील, तर पेट्रोलच्या एकाही आकड्याला हात लावू नका.