पराशरवचन आणि त्याचे संदर्भ

पती बेपत्ता, मृत, संन्यस्त, क्लीब वा पतित असल्यास स्त्रीला अन्य पती विहित आहे, असे पराशरस्मृतीच्या चौथ्या अध्यायातील एक वचन सांगते. ईश्वरचंद्र विद्यासागरांनी १८५५ मध्ये विधवाविवाहाच्या समर्थनार्थ लिहिलेल्या बंगाली पुस्तिकांचा हा मुख्य आधार. वचन संदर्भातून तोडल्याचा आक्षेप मात्र त्यांच्यावर सहजासहजी लागू पडत नाही. त्यांचा सारा युक्तिवादच संदर्भावर उभा आहे : ही स्मृती कलियुगासाठी आहे असे तिचा उपोद्घात सांगत असेल, तर हे वचन अन्य युगांकडे ढकलणारा भाष्यकार माधवाचार्य मूळ ग्रंथाविरुद्धच जातो. वैधव्यातील ब्रह्मचर्य आणि सहगमन यांची थोरवी गाणारे पुढचे श्लोकही ते लपवीत नाहीत. सहगमन राजाज्ञेने बंद झाले आहे, एवढे म्हणून ते पुढे जातात. येथे मात्र निकाल ग्रंथ देत नाही. १८२९ चा कायदा देतो.

प्रतिपक्षाने व्याकरणाचा आश्रय घेतला. सप्तमीचे अपेक्षित रूप 'पत्यौ'. पाठात आहे 'पतौ'. म्हणून 'अपतौ' असा पदच्छेद करून वचन केवळ वाग्दत्तेपुरते मर्यादित करण्यात आले. संदर्भाची ग्वाही देणाऱ्यांनी शब्दच फोडावा, हे गमतीचेच. १८७० च्या पुण्यातील वादात विष्णुशास्त्री पंडितांच्या पक्षासमोरही पराशराचेच वचन होते. शंकराचार्यांच्या उपस्थितीत निर्णय मताधिक्याने झाला, आणि तो पुनर्विवाहाच्या विरोधात गेला.