कारखान्यातली पोरं

कोरमंगलाच्या पाचव्या ब्लॉकमध्ये, आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर, एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर नाचाचा वर्ग चालतो. खाली बिर्याणीचं दुकान, मधे दातांचा दवाखाना आणि वर आरसे लावलेली खोली. शनिवारी संध्याकाळी मी मुलीला आणायला जाते तेव्हा आठ-दहा मुली कोरियन गाण्यावर सराव करत असतात. कोणी कन्नड, कोणी तमिळ, कोणी मल्याळी, एक बंगाली आणि एक माझी. कोरियन एकीलाही येत नाही, पण गाणी सगळ्यांना तोंडपाठ. अर्थाची वाट न बघता इतक्या प्रेमाने शब्द पाठ करता येतात, हे अनुवादावर पोट भरणाऱ्या बाईला जरा झोंबतंच.

उन्हाळ्यात माझे वडील दादरहून राहायला आले होते. ते जुन्या हॉलिवूड संगीतिकांचे भक्त. फ्रेड अस्टेअर आणि जीन केली ही त्यांच्या घरातली माणसं. नातीच्या फोनवर त्यांनी एका कोरियन गटाचा व्हिडिओ पाहिला आणि निकाल देऊन टाकला, ‘‘ही कारखान्यातली पोरं. आमच्या वेळी कलावंत असायचे.’’ मुलगी म्हणाली, ‘‘आजोबा, तुम्ही त्यांना नाचताना नीट पाहिलंच नाहीत.’’ मी दोघांच्या मधे बसले होते. तौलनिक साहित्याची पदवी गाठीशी असूनही मला त्या वेळी काही बोलता आलं नाही. जे उशिरा सुचलं ते इथे लिहिते आहे.

आधी शब्दाचं बघू. ‘आयडॉल’ हा शब्द इंग्रजीतून थेट आशियाई पॉपमध्ये आलेला नाही. ‘शेर्शे लिदोल’ नावाचा फ्रेंच चित्रपट १९६३ साली निघाला, पुढच्या वर्षी जपानमध्ये लागला, आणि तिथून ‘आयदोरु’ हा शब्द तरुण गायक-गायिकांसाठी रुळला. जपानीतून तो कोरियनमध्ये गेला आणि आता कोरियन गाण्यांबरोबर आमच्या घरात आला आहे. मराठीत काय म्हणावं? दैवत फार जड होतं. गळ्यातला ताईत गोड आहे, पण त्यात घडवण्याची कल्पना नाही. मला शेवटी साधा ‘मूर्ती’ हाच शब्द जवळचा वाटला. मूर्ती कोणीतरी घडवलेली असते हे आपण लपवत नाही. पेणला गणपती जिथे घडतात त्या जागेला लोक कारखानाच म्हणतात, आणि बाबा स्वतः दरवर्षी ‘पेणची मूर्ती’ असं अभिमानाने सांगतात. म्हणजे ‘कारखान्यातली’ हा शब्द आपोआप आरोप होत नाही. कारखाना मातीशी कसा वागतो, हे विचारायला हवं.

बाबांचे कलावंतही कारखान्यातूनच आले. ज्युडी गार्लंडला एमजीएम स्टुडिओने १९३५ साली करारात बांधलं तेव्हा ती १३ वर्षांची होती. गाणं, नाच, शाळा, जेवण, वजन, सगळं स्टुडिओच्या हातात. ‘सिंगिंग इन द रेन’चं चित्रीकरण १९५१ साली झालं तेव्हा डेबी रेनॉल्ड्स १९ वर्षांची होती आणि नाचाचं शिक्षण तिला जवळजवळ नव्हतंच. केली आणि डॉनल्ड ओकॉनर यांच्या बरोबरीने उभं राहण्यासाठी तिच्याकडून इतकी मेहनत करून घेतली गेली की एका नाचानंतर तिच्या पावलांतून रक्त आलं. चित्रपट पाहताना ती हसते आहे एवढंच दिसतं.

याच चित्रपटाची कथा उसन्या आवाजाची आहे. नायिका पडद्याआडून दुसऱ्या नटीला आवाज देते आणि शेवटी तिला तिचं श्रेय मिळतं. प्रत्यक्षात मात्र रेनॉल्ड्सच्याही काही गाण्यांसाठी बेटी नॉइज या गायिकेचा आवाज वापरला होता आणि तिचं नाव श्रेयनामावलीत नव्हतं. अनुवादक म्हणून मला हे लगेच दिसतं. तेव्हा ‘यांचे आवाज यंत्राने सुधारलेले असतात’ असं कोणी आयडॉल गटांविषयी म्हणालं, तर मी एवढंच म्हणेन की जुन्या पडद्यामागेही कोणीतरी उभं होतं.

सोलमधला कारखाना याच नकाशावर उभा आहे. एसएम एंटरटेनमेंट ही कंपनी १९९५ साली निघाली, आणि १९९६ साली तिने एच.ओ.टी. हा मुलांचा गट बाजारात आणला. कोवळ्या वयात निवड, मग वर्षानुवर्षं तालीम, मग पदार्पण. ‘ट्वाइस’ गटाची जिह्यो २०१५ साली रंगमंचावर आली तेव्हा तिच्या पाठीशी १० वर्षांचं प्रशिक्षण होतं. मराठी वाचकाला यात अनोळखी काय आहे? आपल्या संगीत नाटक मंडळ्या पोरांना लहानपणी कंपनीत घेत. राहणं, जेवण, तालीम, सगळं कंपनीत. नारायणराव राजहंस १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत गेले आणि पुढे बालगंधर्व म्हणून त्यांच्या नेसण्याची, केसांची, दागिन्यांची नक्कल घराघरांतल्या बायका करू लागल्या. आज माझी मुलगी ज्या उत्साहाने केसांचा रंग बदलायची परवानगी मागते, त्याच्याशी याचं नातं जवळचं आहे.

करारांची गोष्ट तर अगदी समांतर आहे. ऑलिव्हिया डी हॅविलंड संगीतिकांची नटी नव्हती, पण व्यवस्था तीच होती. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात सेवाकराराची मर्यादा ७ वर्षं होती. स्टुडिओ मात्र निलंबनाचे दिवस जोडून ती लांबवत. १९४४ साली न्यायालयाने डी हॅविलंडच्या बाजूने निकाल दिला, की ७ वर्षं म्हणजे कॅलेंडरची ७ वर्षं. पुढे २००९ साली कोरियात ‘टीव्हीएक्सक्यू’ गटाच्या तिघांनी १३ वर्षांच्या कराराविरुद्ध न्यायालयात धाव घेतली आणि त्याच वर्षी तिथल्या व्यापार आयोगाने नमुना करार आणला. मर्यादा ७ वर्षं. पासष्ट वर्षांच्या अंतराने दोन देश एकाच आकड्यावर आले. आपल्याकडे ही लढाई अशी झाली नाही, कारण आपले नट कंपनी सोडून स्वतःची कंपनी काढत. बालगंधर्वांनी गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्याबरोबर १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी काढली. मालकी आली आणि तिच्या मागोमाग कर्जही आलं.

आता नाचाकडे. बाबांची एक तक्रार मला पटते. कोरियन गाण्यांच्या व्हिडिओत दर सेकंद-दोन सेकंदाला दृश्य बदलतं. चेहरा, बूट, गाडी, पुन्हा चेहरा. नाच दिसतच नाही. अस्टेअरचा आग्रह नेमका उलटा होता. डोक्यापासून पायापर्यंत पूर्ण देह चौकटीत हवा आणि तुकडे कमीत कमी हवेत. फसवायला जागाच ठेवायची नाही.

पण मुलीचंही खरं होतं. दुसऱ्या दिवशी तिने आजोबांना सरावाचा व्हिडिओ दाखवला. हे व्हिडिओ कंपन्या स्वतःच प्रसिद्ध करतात. रिकामी खोली, साधे कपडे, एका जागी रोवलेला कॅमेरा, सातही मुलं पायांपासून डोक्यापर्यंत चौकटीत, आणि बहुतेक वेळा गाणं संपेपर्यंत एकही तुकडा नाही. ही अस्टेअरचीच चौकट आहे. बाबा गप्प बसून पाहत होते. संपल्यावर म्हणाले, ‘‘परत लाव.’’

त्यांना दुसऱ्यांदा पाहताना दिसलं ते मलाही तेव्हाच दिसलं. केली नाचतो तेव्हा बाकीचे नर्तक त्याच्या मागे असतात आणि मागेच राहतात. इथे मधली जागा दर काही ओळींनी बदलते. जो आत्ता पुढे आहे तो पुढच्या क्षणी कडेला जाऊन दुसऱ्यासाठी वाट करून देतो. ही वाट करून देण्याची कलाच या नाचाचं खरं सौंदर्य आहे, आणि तुकड्यातुकड्यांच्या व्हिडिओत नेमकी तीच मारली जाते.

मग फरक कुठे आहे? मला तो पात्रात दिसतो. संगीतिकेत माणूस नाचू लागतो कारण बोलणं अपुरं पडलेलं असतं. केली पावसात नाचतो तो डॉन लॉकवुड म्हणून. प्रेयसीला नुकतंच दारापर्यंत सोडून आलेला माणूस. चित्रीकरणाच्या वेळी केलीला सणसणून ताप होता म्हणतात, पण लॉकवुडला नव्हता. बालगंधर्व भामिनी होत, सिंधू होत आणि पडदा पडल्यावर लुगडं उतरवून ठेवत. आयडॉलला असं पात्र सहसा मिळत नाही. त्याची कथा गाण्याच्या बाहेर असते: तालमीची वर्षं, गटातली मैत्री, रात्री उशिरा चाहत्यांशी थेट गप्पा. त्याला स्वतःच्याच नावाचं पात्र दिवसरात्र वठवावं लागतं. उतरवून ठेवायला काही नसतं.

पात्र असलं की माणूस सुरक्षित राहतो असं मला म्हणायचं नाही. गार्लंड १९६९ साली ४७ व्या वर्षी गेली. पण सल्ली आणि गू हारा या दोन तरुण गायिका २०१९ च्या शेवटी महिन्या-दीड महिन्याच्या अंतराने गेल्या, तेव्हा चाहत्यांच्या प्रेमाबद्दल आणि द्वेषाबद्दल जे लिहिलं गेलं त्यात हीच गोष्ट पुन्हा पुन्हा येत होती. त्यांच्या खासगी आयुष्याचा प्रत्येक तपशील जणू कामाचाच भाग धरला गेला होता. माझ्या मुलीशी माझा वाद इथे आहे. ती म्हणते, ‘‘आई, आम्ही त्यांना पूर्ण ओळखतो.’’ मला तेच फार वाटतं.

बाबांशीही एक वाद राहतो. ‘सिंगिंग इन द रेन’चं चित्रीकरण चालू होतं त्याच १९५१ साली आपल्याकडे ‘अलबेला’ आला. निर्माता, दिग्दर्शक आणि नायक मास्टर भगवान, संगीत सी. रामचंद्रांचं आणि नायकाचा गाता आवाजही त्यांचाच, चितळकर या नावाने. गिरणी कामगाराचा हा मुलगा कुस्तीच्या तालमीतला, स्टंटपटांतून आलेला. अंग जाड, पावलं जेमतेम उचललेली, हात कोपरांत दुमडलेले, खांदे आणि मान तालात. केलीसमोर हा नाच ठेवला तर तंत्र म्हणून काहीच नाही. पण तो कोणालाही करता येतो. बाबांनी केलीला आयुष्यभर डोळ्यांनी पाहिलं. दादरच्या विसर्जन मिरवणुकीत मात्र दरवर्षी ते भगवानदादांसारखेच नाचले. मी लहानपणी त्यांच्या मागे चालत ते पाहिलेलं आहे.

आयडॉल गटांनी हे दोन्ही घेतलं. बराचसा नाच अवघड, बघत राहावा असा. आणि धृपदावर एक-दोन हालचाली अशा, की चौदा वर्षांच्या मुलीने आरशासमोर दहा मिनिटांत उचलाव्यात. केली आणि भगवानदादा एकाच गाण्यात. बाबांना हे सांगितलं तेव्हा ते हसले आणि म्हणाले, ‘‘पण भगवानला शेवटी कोणी विचारलं?’’ प्रश्न बरोबर होता. जुहूचा बंगला आणि गाड्या गेल्या, आणि २००२ साली भगवानदादा गेले ते दादरच्या त्यांच्या साध्या घरात. मिरवणुकीत त्यांची पावलं तेव्हाही टाकली जात होती.

बाबा आता दादरला परतले आहेत. शनिवारी मी वर्गाच्या दाराशी उभी राहते. मुली फोन तिपाईवर लावतात, सगळ्यांची पावलं चौकटीत येतात का ते पाहतात आणि पूर्ण गाणं एका दमात नाचतात. एखादी चुकली तर पहिल्यापासून. साडेसातला वर्ग सुटतो. मग त्या घामेजलेल्या केसांनी जिना उतरतात, खाली बिर्याणीच्या रांगेत उभ्या राहतात आणि गणिताच्या परीक्षेबद्दल बोलू लागतात. चित्रफितीची एक प्रत आजोबांना जाते. त्यांचं उत्तर बहुधा रात्रीच येतं: कडेची तिसरी मुलगी उशिरा वळते, तिला सांगा.