दोन मनगटे आणि एक फाया

अत्तराची समीक्षा लिहायची म्हटली तर पुष्कळ वाचक हसतील, याची मला कल्पना आहे. नाटकाची समीक्षा होते, गाण्याची होते, ज्या पुस्तकाची चार पानेही कोणी उलटत नाही त्याचीसुद्धा होते. परंतु जो सुगंध माणूस दिवसभर अंगावर वागवतो, त्याविषयी 'छान आहे' आणि 'उग्र आहे' या दोन शब्दांपलीकडे आपण जात नाही. नाकाला मत असते, पण भाषा नसते, असेच आपण धरून चाललो आहोत. वराहमिहिराने असे मानले नव्हते. सहाव्या शतकातल्या त्या ज्योतिष्याने आपल्या 'बृहत्संहिते'त गंधयुक्तीला स्वतंत्र अध्याय दिला आणि मोजक्या सोळा द्रव्यांतून १,७४,७२० सुगंध कसे सिद्ध होतात, त्याचे गणित मांडले. इतके गंध ज्याने मोजले, त्याला त्यांतला बरा कोणता आणि वाईट कोणता, हा प्रश्न पडला नसेल असे मला वाटत नाही.

मला तो पडला गेल्या दिवाळीत. लेक परदेशातून आली आणि येताना माझ्यासाठी 'ओपियम' नावाच्या सेंटची कुपी घेऊन आली. मी ती कपाटात ठेवायला गेले, तर तिथे आमच्या अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, अत्तरदाणी होती. तिच्यातल्या एका इवल्याशा कुपीत तळाशी हिना उरला होता. फार तर तीन-चार फाये होतील एवढा. लेकीने बूच काढून वास घेतला, नाक मुरडले आणि म्हणाली, "आई, हा अगदी म्हाताऱ्या माणसांचा वास गं!"

मला राग आला. आणि राग आला तेव्हाच लक्षात आले की, या खटल्यात न्यायाधीश होण्याचा माझा अधिकार संशयास्पद आहे. अण्णा पाडव्याला काळा कोट घालीत, कानाच्या पाळीआड हिन्याचा फाया ठेवीत आणि महाद्वार रोडने अंबाबाईच्या दर्शनाला जात. मी त्यांचे बोट धरून चालत असे. ज्या वासात बाप आहे, त्या वासाविषयी मुलीने निःपक्षपाती बोलावे तरी कसे? आठवण ही मोठी लाचखाऊ साक्षीदार असते. तेव्हा ठरवले की, दोन्ही अंगावर लावून, रीतसर, दिवसभर पारखायचे.

आधी नावाचा घोळ निस्तरला पाहिजे. जाणकार या दोन्ही सुगंधांना एकाच घराण्यात बसवतात, मसालेदार अंबर. संस्कृतात अंबर म्हणजे आकाश आणि वस्त्रही. अरबीतून आलेला अंबर म्हणजे स्पर्म व्हेल जातीच्या देवमाशाच्या पोटात तयार होऊन समुद्रावर तरंगत येणारा पदार्थ. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आज आपल्याकडे त्याची खरेदी-विक्री गुन्हा आहे. सुगंधकारांचा अंबर मात्र या दोहोंहून निराळा. तो एक पदार्थ नव्हे, तो मेळ आहे: झाडांचे डिंक, उदासारख्या राळा आणि व्हॅनिला यांच्या संगतीतून उठणारा उबदार, गोडसर, किंचित धुरकट भास. या घराण्याला पॅरिसकडे कैक वर्षे 'ओरिएंटल', म्हणजे पौर्वात्य, म्हणत. २०२१ च्या सुमारास हा शब्द वर्गवारीतून मागे पडून 'अंबर' हा शब्द आला. मला यात थोडी गंमत वाटते. ज्याला ते पूर्वेचे गूढ म्हणत होते, ते आपल्या वाण्याच्या डब्यात पुड्या बांधून पडलेले होते.

हिन्याचे घटकच पाहा. नाव मेंदीचे, पण बाजारात थंडीचे अत्तर म्हणून जो हिना ओळखला जातो, तो नुसत्या मेंदीच्या फुलांचा नव्हे. वाळा, नागरमोथा, जटामांसी, कापूरकाचरी, दगडफूल, लवंग, वेलदोडा, जायफळ, जायपत्री, केशर अशी ही पंगत असते. कनौजकडे ही द्रव्ये पाण्याबरोबर तांब्याच्या डेगेत तापवतात. झाकण मातीने लिंपलेले असते. वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात उतरते आणि भपक्यात आधीच ठेवलेले चंदनाचे तेल तो गंध पिऊन घेते. आता कोल्हापूरच्या गृहिणीने ही यादी पुन्हा वाचावी. निम्मी यादी अभ्यंगाच्या उटण्याची आहे आणि उरलेली उन्हाळ्यात डंकावर कुटून आणायच्या कांदा-लसूण मसाल्याची! दगडफुलावाचून आमचा मसाला होत नाही आणि हिनाही होत नाही. आमच्या गावाच्या नाकाला या अत्तराची ओळख करून द्यावी लागू नये.

'ओपियम' १९७७ साली पॅरिसच्या इव्ह सँ लोराँ यांनी काढले. कुपीचा घाट जपानी लोक कमरेला अडकवीत त्या 'इन्रो' नावाच्या छोट्या डबीवरून घेतलेला. नाव अफूचे, पुढल्या वर्षी ते अमेरिकेत गेले, तेव्हा तिथल्या चिनी वंशाच्या नागरिकांनी या नावाविरुद्ध आवाज उठवला. ज्यांच्या देशावर अफूसाठी युद्धे लादली गेली, त्यांना ते नाव शोभेचे वाटले नाही, यात नवल नाही. पण नावावरून कृती जोखू नये, हा समीक्षेचा जुना दंडक आहे.

नरकचतुर्दशीच्या पहाटे, अभ्यंग आटोपल्यावर, डाव्या मनगटावर मी 'ओपियम' लावले आणि उजव्यावर बाजारातून मुद्दाम आणलेला हिना. अण्णांची कुपी उघडायचा धीर होत नव्हता. नियम दोनच ठेवले: कुपीला नाक लावून मत द्यायचे नाही, आणि रात्र झाल्याशिवाय निकाल द्यायचा नाही. ज्या गावात शाहू महाराजांच्या दरबारी अल्लादियाखाँसाहेब गायले, तिथे हे सांगायला नको की, ख्याल पहिल्या आलापीवरून जोखीत नाहीत.

'ओपियम'चा प्रवेश देखणा आहे. संत्र्याची झुळूक येते न येते तोच लवंग आणि मिरी पुढे होतात. मग फुले येतात, पण ती सुटी ओळखू येत नाहीत, शालूतल्या बुट्ट्यांसारखी विणीत बसलेली असतात. आणि दुपारपर्यंत बोळ, ऊद नि व्हॅनिला यांचा दाट पट अंगाला लपेटून राहतो. कुठे सांधा दिसत नाही. लवंगेचा कणा शेवटपर्यंत ताठ असतो. मूळच्या रचनेत तो अधिक ताठ असणार. कारण लवंगेच्या तेलातले मुख्य द्रव्य, युजेनॉल, काहींच्या कातडीला बाधते म्हणून त्याच्या मात्रेवर पुढे बंधने आली. तरीही ही थोर कारागिरी आहे, हे मान्य केले पाहिजे. दोष एकच. हा सुगंध कधी खासगीत बोलत नाही. मी चकल्या तळत होते, तरी तो रंगमंचावर उभा होता. पहाटेच्या गारव्यात त्याची भरजरी शोभली. दुपारच्या उन्हात त्याच भरजरीने जीव गुदमरला.

बाजारच्या हिन्याविषयी फार लिहायला नको. पहिली दहा मिनिटे त्याने मोठा आव आणला. तासाभरात मनगटावर नुसता तेलकटपणा उरला. चंदनाचे तेल अतोनात महागल्यापासून पुष्कळ अत्तरे पॅराफिनसारख्या निर्गंध तेलावर उतरवली जातात. चंदन हे इथे नुसते भांडे नव्हे, ते गायकाच्या मागचे तंबोरे आहेत. तंबोरे काढून घेतले की मसाले बिचारे बेसूर होणारच. लेक म्हणाली, "बघ, मी म्हटले नव्हते?" तिचे म्हणणे त्या कुपीपुरते खरे होते, आणि म्हणूनच दुसरी कुपी उघडणे भाग पडले. निकृष्ट प्रत पुढे करून मूळ कृतीला शिक्षा देणे न्यायाचे नव्हे.

पाडव्याला मी अण्णांचा हिना घेतला. खरे सांगते, आरंभ वाईट होता. तुरट, औषधी, वैद्याच्या दुकानात शिरल्यासारखा. अण्णांची आठवण मदतीला धावून आली होती, तिला मी बाहेर बसवले. तासाभराने काढा निवळला; नागरमोथ्याची ओली माती आणि जायपत्रीची ऊब निरनिराळी कळू लागली. दुपारी वाटले, उडाला. संध्याकाळी रंकाळ्यावर वाऱ्याला बसलो होतो, पदर सावरताना पुन्हा भेटला. आता त्यात केशर होते आणि खाली चंदन होते. रात्री उरले ते केवळ चंदन, आणि त्यावर धुराची एक पुसट रेघ. 'ओपियम'मध्ये घटक एकमेकांत विरघळून एक होतात; इथे ते एकामागून एक उठून निघून जातात आणि यजमान तेवढा मागे राहतो.

तेव्हा माझा निकाल असा. रचनेची एकसंधता, कल्पनेची झेप आणि पहिल्या क्षणाचा दिमाख यांत 'ओपियम' सरस आहे. ते मला कितीही जड गेले तरी लिहिले पाहिजे. पण अंगावर वागवायचा सुगंध केवळ दिमाखाने जोखता येत नाही. तो घरात, गर्दीत, चुलीपुढे, पूजेला माणसाबरोबर असतो. या कसोटीवर हिना उजवा ठरतो. तो खोलीला आपली वर्दी देत नाही. नमस्काराला जो वाकेल, त्यालाच तो कळतो.

त्या रात्री ओवाळणे झाल्यावर लेक नमस्काराला वाकली आणि क्षणभर तशीच थांबली. मी विचारले, "काय गं?"

"वास अजून म्हाताराच आहे," ती म्हणाली. "पण म्हातारा चांगला होता."

समीक्षक म्हणून या वाक्यात मला दुरुस्ती सुचलेली नाही. कुपीत एक फाया उरला होता, तो मी तिच्या कानामागे ठेवला. रिकामी कुपी धुतली नाही; बूच काढून साड्यांच्या कपाटात ठेवली आहे.